दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी

परवा शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर कडाक्याचं भांडण झालं. विषय ना अप्रेझलचा होता, ना क्रिकेटचा. विषय होता टीव्हीआर! आमच्या टीममधल्या एका आर्किटेक्ट साहेबांनी आदल्या रात्री यूट्यूबवर कुठलातरी व्हिडिओ पाहिला होता आणि डब्यातली भेंडी चिवडत त्यांनी निकाल देऊन टाकला. "एवढीशी कंपनी, वर्षाला हजार-दोन हजार गाड्या. कशाला हवेत स्वतःचे इंजिन बनवायचे धंदे? बाजारात चांगली इंजिनं मिळत होती की. री-इन्व्हेंटिंग द व्हील, दुसरं काय! म्हणून मेली."

आता मी पडलो मेकॅनिकलचा. म्हणजे चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स आणि आयसी इंजिन्स घोकून, व्हायवाला कार्नो सायकल सांगून, शेवटी जावा लिहायला बसलेल्या हजारो पोरांपैकी एक. त्यामुळे इंजिनाचा विषय निघाला की जरा जास्तच लागतं. टेबलावर मी आवाज चढवला, पण तोंडात घास आणि समोर सीनियर अशा परिस्थितीत मुद्देसूद काही बोलता येत नाही. तेव्हा तो वाद आज इथे पुरा करतोय. साहेब हे वाचत नाहीत, हे एक बरं आहे.

साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं की छोट्या कंपनीनं स्वतःचं इंजिन बनवणं म्हणजे हौस, अहंकार आणि दिवाळखोरीला आमंत्रण. अंथरूण पाहून पाय पसरावेत. माझं म्हणणं असं, की यातली बरीचशी मंडळी हौसेनं नाही, भीतीनं इंजिनाकडे वळली. आणि ती भीती खरी होती.

टीव्हीआरचंच घ्या. इंग्लंडात ब्लॅकपूल नावाचं समुद्रकिनाऱ्यावरचं गाव आहे, तिथली ही कंपनी. १९४७ मध्ये ट्रेव्हर विल्किन्सन नावाच्या माणसानं काढली आणि स्वतःच्याच नावातली तीन अक्षरं उचलून तिला दिली. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती पीटर व्हीलर या केमिकल इंजिनियरच्या हातात आली. ग्रिफिथ आणि चिमेरा या गाड्यांनी नव्वदच्या दशकात कंपनीला बरे दिवस आले. फायबरग्लासची हलकी बॉडी आणि पुढे रोव्हरचं व्ही-८ इंजिन. हे इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्यूकचं, रोव्हरनं साठच्या दशकात त्याचे हक्क विकत घेतले होते. हलकं, अ‍ॅल्युमिनियमचं, दणकट. इंग्लंडातल्या निम्म्या छोट्या गाडीवाल्यांचा संसार या एका इंजिनावर चालला होता म्हणा ना.

मग १९९४ साली बीएमडब्ल्यूनं रोव्हर विकत घेतली.

आता स्वतःला व्हीलरच्या खुर्चीत बसवून बघा. तुमच्या गाडीचं इंजिन ज्या कंपनीकडून येतं, तिचा मालक एका सकाळी बदलतो. नवा मालक जर्मन, त्याची स्वतःची उत्तम व्ही-८ इंजिनं आहेत. तो हे तीस वर्षं जुनं इंजिन किती दिवस चालू ठेवेल? आणि ठेवायचं की नाही हे ठरवताना, वर्षाला हजारभर इंजिनं घेणाऱ्या ब्लॅकपूलच्या गिऱ्हाइकाला कोण विचारणार? व्हीलरनं स्वतःचं इंजिन करायचं ठरवलं. डिझायनर अल मेलिंग, त्याच्याबरोबर जॉन रेव्हन्सक्रॉफ्ट, आणि स्वतः पीटर व्हीलर. तिघांच्या आद्याक्षरांवरून नाव एजेपी-८. १९९६ मध्ये सर्बेरा गाडीत ते आलं. ४.२ लिटर, ३६० हॉर्सपॉवर.

आणि भीती खोटी ठरली का? बीएमडब्ल्यूनं सहा वर्षांत रोव्हरवरून हात झटकले. २००० साली लँड रोव्हर फोर्डकडे गेली, उरलेली रोव्हर २००५ च्या एप्रिलमध्ये बुडाली, आणि ते व्ही-८ त्याच सुमारास इतिहासजमा झालं. म्हणजे दहा-अकरा वर्षांत इंजिनवाल्यांच्या घरात एवढी उलथापालथ. साहेब ज्याला 'बाजारात मिळत होती की' म्हणतात ना, तो बाजार हा असा होता.

ज्यांनी इंजिन केलं नाही त्यांचं काय झालं? मॉर्गन बघा. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून गाड्या बनवणारी, १९०९ पासूनची कंपनी. त्यांची प्लस एट १९६८ मध्ये आली, तिच्यात हेच रोव्हर व्ही-८. छत्तीस वर्षं चालली आणि २००४ मध्ये बंद झाली. गिऱ्हाईक कंटाळलं म्हणून नव्हे, तर इंजिन संपलं म्हणून.

त्याहून मजेशीर गोष्ट डी टोमासो पँतेराची. इटलीत बनणारी, दिसायला एकदम कातिल गाडी आणि पोटात फोर्डचं ३५१ क्लीव्हलँड व्ही-८. १९७१ पासून फोर्डनं ती अमेरिकेत स्वतःच्या लिंकन-मर्क्युरी डीलर्सकडून विकली. पाच हजारांहून जास्त गाड्या खपल्या. इंजिन फोर्डचं, दुकान फोर्डचं, सर्व्हिस फोर्डची! आपल्याकडच्या भाषेत 'स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप'. मग तेलाचं संकट आलं, नियम बदलले, फोर्डचा मूड बदलला आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर फोर्डनं गाशा गुंडाळला. अमेरिकेत ते इंजिन बनणंही बंद झालं. डी टोमासोनं काय केलं असेल? तेच इंजिन ऑस्ट्रेलियात अजून बनत होतं, तिथून मागवलं. इटलीतल्या मोदेनात गाडी, ऑस्ट्रेलियातून इंजिन! काही वर्षांनी ऑस्ट्रेलियातही ते बंद पडलं, मग फोर्डचंच दुसरं इंजिन बसवत बसले. गाडी नव्वदच्या दशकापर्यंत रडतखडत निघत राहिली, पण ते पहिल्या चार वर्षांचे दिवस काही परत आले नाहीत.

याला म्हणतात दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं. ओंजळ कितीही मोठी असो, ती कधी उघडायची हे तिचा मालक ठरवतो.

इथे जरा स्वतःचं सांगतो, म्हणजे मला एवढं का लागलं ते कळेल. मागच्या कंपनीत आमचं एक प्रॉडक्ट होतं. सात जणांची टीम, मी त्यात सगळ्यात ज्युनियर. प्रॉडक्टचा जीव म्हणजे त्यातले रिपोर्ट. गिऱ्हाइकं रिपोर्टसाठीच पैसे द्यायची. आणि नेमकं ते रिपोर्ट बनवणारं इंजिन (हो, आम्हीही इंजिनच म्हणायचो) बाहेरच्या एका व्हेंडरचं होतं. का? कारण कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं होतं, री-इन्व्हेंटिंग द व्हील कशाला. तीन वर्षं सगळं सुरळीत. मग त्या व्हेंडरला एका मोठ्या कंपनीनं विकत घेतलं. दोन महिन्यांनी मेल आली. अतिशय नम्र मेल. अठरा महिन्यांनी सपोर्ट बंद, तोपर्यंत लायसन्सचा दर नवा. नवा दर बघून आमच्या मॅनेजरनं दोनदा शून्यं मोजली. आम्ही स्वतःचं लिहायला घेतलं, पण ते करायचं कसं हे शिकलेलं एकही माणूस टीममध्ये नव्हतं, कारण तीन वर्षांत कुणाला ते शिकायची गरजच पडली नव्हती. वर्षभरात प्रॉडक्ट गुंडाळलं. सातातले दोघं बेंचवर गेले, दोघांना सरळ जायला सांगितलं, त्यातल्या एकाचं नुकतंच वाकडला फ्लॅटचं लोन झालं होतं. त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो... असो.

त्यामुळे 'चाकाचा शोध पुन्हा कशाला' हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. प्रश्न चाकाचा नसतोच. चाक विकत घ्या ना! टायर, काच, वायपर, दिव्याचे बल्ब, सगळं विकत घ्या. छोट्या स्पोर्ट्स कार कंपन्यांनी ते कायमच केलंय. फोर्ड, व्हॉक्सहॉलच्या साध्या गाड्यांची दाराची हँडलं आणि मागचे दिवे त्यांच्या महागड्या गाड्यांवर सापडतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. प्रश्न असा आहे की गिऱ्हाईक तुमच्या दारात ज्यासाठी येतं, ती वस्तू कुणाची?

आता दुसरा मुद्दा. शिकण्याचा. हा मुद्दा हिशेबाच्या वहीत कधी दिसत नाही म्हणून एमबीए मंडळींना तो कळत नाही.

लोटसचं उदाहरण घ्या. कॉलिन चॅपमन हा पक्का व्यवहारी माणूस. त्यानं सुरुवातीला इंजिनं विकतच घेतली. मग १९६२ च्या एलानमध्ये फोर्डच्या ब्लॉकवर स्वतःचं ट्विन-कॅम हेड बसवलं. म्हणजे खालचा अर्धा उसना, वरचा अर्धा घरचा. त्यानंतर पुरतं स्वतःचं, ९०७ नावाचं दोन लिटरचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन. तेही पहिल्यांदा १९७२ मध्ये स्वतःच्या गाडीत न घालता जेन्सन-हीलीला विकलं! नव्या इंजिनाची बालपणीची सगळी दुखणी जेन्सनच्या गिऱ्हाइकांनी काढली, आणि १९७६ मध्ये जेन्सन बंद पडली. (जेन्सन फक्त यामुळेच मेली असं नाही, पण हातभार नक्की लागला. यातही माझाच मुद्दा आहे बरं का. इंजिन विकत घेतलं म्हणजे डोकेदुखी गेली असं होत नाही. डोकेदुखी तीच राहते, फक्त औषध दुसऱ्याच्या कपाटात.)

पण या सगळ्या खटपटीतून लोटसमध्ये इंजिन समजणारी माणसं तयार झाली. ऐंशीच्या दशकात जनरल मोटर्सला कॉर्व्हेटसाठी चार कॅमचं, बत्तीस व्हॉल्व्हचं व्ही-८ हवं होतं. जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी, इंजिनियर्सची फौज पदरी. त्यांनी डिझाइनचं काम दिलं लोटसला. एलटी-५ नावाचं ते इंजिन १९९० च्या कॉर्व्हेट झेडआर-१ मध्ये आलं, ३७५ हॉर्सपॉवरचं. स्वतःच्या इंजिनात हात काळे केले नसते तर लोटसला हे काम कुणी दिलं असतं का?

आणि याच लोटसनं अर्धवट स्वावलंबनाची गंमतही दाखवली. १९९६ मध्ये एस्प्रिटमध्ये त्यांचं स्वतःचं साडेतीन लिटरचं ट्विन टर्बो व्ही-८ आलं. इंजिनाची ताकद ३५० हॉर्सपॉवरवर बांधून ठेवावी लागली. इंजिनात दम नव्हता म्हणून नव्हे, गिअरबॉक्स रेनॉंचा होता आणि त्याला त्याहून जास्त झेपत नव्हतं! इंजिन घरचं, पण कमाल मर्यादा ठरवली उसन्या गिअरबॉक्सनं. हे वाचलं तेव्हा आमच्या जुन्या डेटाबेसची आठवण येऊन मी एकटाच हसलो होतो.

तिसरा मुद्दा मालमत्तेचा. लँबोर्गिनीसाठी जोत्तो बिझ्झारिनीनं साडेतीन लिटरचं व्ही-१२ केलं, १९६३ मध्ये. ट्रॅक्टरवाल्या फेरुचिओ लँबोर्गिनीची कंपनी नवी कोरी होती, त्याला तयार इंजिन घेता आलं असतं. त्यानं स्वतःचं करवून घेतलं. पुढे काय काय झालं बघा. सत्तरच्या दशकात कंपनी त्याच्या हातून गेली. १९७८ मध्ये दिवाळखोरी. मग मिमरान बंधू, मग १९८७ मध्ये क्रायस्लर, मग १९९४ मध्ये इंडोनेशियन मालक, मग १९९८ मध्ये ऑडी. पाहुण्यांसारखे मालक आले आणि गेले. आणि त्या सगळ्या काळात ते व्ही-१२ वाढत, बदलत, साडेसहा लिटरपर्यंत पोचून २०१० च्या मर्सिएलागोपर्यंत टिकलं. सत्तेचाळीस वर्षं! मला सांगा, हे सगळे मालक नेमकं काय विकत घेत होते? शेड? सांतआगाताच्या शेतातली जमीन? त्या इंजिनाशिवाय लँबोर्गिनी ही बैलाचं चित्र असलेली एक थकबाकीदार कंपनी होती.

आता साहेबांच्या बाजूनं. वाद करायचा तर समोरच्याचा सगळ्यात जड मुद्दा उचलून करावा.

मुद्दा एक, टीव्हीआर शेवटी मेलीच की! खरं आहे. आणि त्यात स्वतःच्या इंजिनाचा वाटा होता, हेही खरं. एजेपी-८ नंतर त्यांनी स्पीड सिक्स नावाचं सहा सिलेंडरचं इंजिन काढलं, टस्कन गाडीत वगैरे. ऐकायला स्वर्ग. पण सुरुवातीच्या इंजिनांमध्ये व्हॉल्व्हच्या भागातले पार्ट झिजायचे आणि वॉरंटीत इंजिनंच्या इंजिनं उघडून परत बांधावी लागायची. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. व्हीलरनं २००४ मध्ये कंपनी निकोलाय स्मोलेन्स्की नावाच्या चोवीस वर्षांच्या रशियन मुलाला विकली आणि २००६ मध्ये ब्लॅकपूलचा कारखाना बंद झाला. पण यातून धडा कुठला? माझ्या मते 'इंजिन बनवू नका' हा नाही. 'टेस्टिंगचे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय रिलीज करू नका' हा आहे. हा धडा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर कुणी सांगायलाच नको. आणि स्वतःचं इंजिन नसतं तर रोव्हरचं इंजिन संपल्यावर टीव्हीआर काय विकणार होती, याचं उत्तर व्हिडिओत नसतं.

मुद्दा दोन, पगानी. जगातल्या सगळ्यात महागड्या गाड्या बनवते आणि इंजिन मात्र मर्सिडीज-एएमजीचं व्ही-१२, १९९९ च्या झोंडापासून आजतागायत. चोख मुद्दा. पण या नात्याची सुरुवात बघा. होरासिओ पगानी अर्जेंटिनाचा, आणि मर्सिडीजमध्ये त्याच्यासाठी शब्द टाकला तो अर्जेंटिनाच्याच हुआन मॅन्युएल फँजिओनं, पाच वेळच्या जगज्जेत्यानं. असा वशिला किती जणांना मिळतो? शिवाय हुएरापासूनचं ते इंजिन पगानीसाठीच वेगळं घडवलेलं. गिऱ्हाईक पगानीकडे येतं ते कार्बन फायबरच्या आणि धातूच्या कारागिरीसाठी. ती पगानीची स्वतःची आहे.

आणि इथेच मला वाटतं खरा नियम हाती लागतो. लोटसनं १९९६ मध्ये एलिस काढली तेव्हा इंजिन सरळ रोव्हरचं घेतलं, २००४ पासून टोयोटाचं. मग स्वाभिमान सोडला का? नाही. एलिसमध्ये गिऱ्हाईक विकत घ्यायचं ते वजन आणि रस्त्यावरची पकड. ती यायची अ‍ॅल्युमिनियमचे भाग गोंदानं चिकटवून केलेल्या चॅसीतून, आणि ती चॅसी लोटसची स्वतःची होती. इतकी स्वतःची, की तिच्याच जोरावर त्यांनी ओपेलसाठी स्पीडस्टर बनवून दिली, आणि टेस्लाची पहिली रोडस्टर तिच्याच पायावर उभी राहिली. आणि गंमत बघा, लोटसबरोबरचा करार संपला तशी रोडस्टरही २०१२ मध्ये थांबली. ओंजळ यावेळी लोटसची होती! टेस्लानं तोवर स्वतःची गाडी स्वतः बनवायला घेतली होती म्हणून निभावलं.

म्हणजे जे तुमची ओळख आहे ते तुमचं हवं. बाकी खुशाल उसनं आणा. मॉर्गनची ओळख तिचं रूपडं आणि लाकूडकाम, म्हणून प्लस एट गेली तरी मॉर्गन जगली. टीव्हीआरची ओळख तो आवाज आणि तो धसमुसळेपणा, म्हणजेच इंजिन.

आणि 'स्वतःचं' म्हणजे स्वतःच्या भट्टीत ओतलेलं असंही नाही. मॅकलारेननं २०११ मध्ये एमपी४-१२सी काढली, तिचं ३.८ लिटरचं व्ही-८ बनवून द्यायची रिकार्डो ही कंपनी. मूळ आराखडाही मॅकलारेनचा नव्हता, एका जुन्या रेसिंग इंजिनाचे हक्क विकत घेऊन त्यावर काम केलेलं. पण हक्क मॅकलारेनचे. गॉर्डन मरेच्या टी.५० मधलं बारा हजारांवर फिरणारं व्ही-१२ कॉसवर्थनं केलंय, पण ते त्या एका गाडीसाठी, मरेनं सांगितलं तसं. काम बाहेर द्या, हरकत नाही. सातबारा आपल्या नावावर पाहिजे.

आपल्याकडचं बोलायचं तर सॅन स्टॉर्म आठवते का? बंगळूरच्या सॅन मोटर्सची दोन सीटची उघडी गाडी, त्यात रेनॉंचं १.२ लिटरचं साधं इंजिन. नंतर आली डीसी अवंती, तिच्यातही रेनॉंचंच, दोन लिटरचं टर्बो. दोन्ही गाड्यांचं मला मनापासून कौतुक होतं आणि आहे, पण स्पोर्ट्स कार म्हणून लोकांनी त्यांना का गंभीरपणे घेतलं नाही याचं निम्मं उत्तर बॉनेटखाली आहे. उलट आकुर्डीच्या बजाजनं कावासाकीचा हात धरून बरीच वर्षं काढली आणि २००१ मध्ये, बाहेरची मदत घेऊन पण स्वतःच्या नावावर, पल्सर काढली. कॉलेजच्या पार्किंगमध्ये काय उभं असायचं ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता इलेक्ट्रिकचं युग, इंजिनच नाही, मग हा वाद संपला म्हणाल तर तसंही नाही. पिनिनफारिना बतिस्ता बघा. महिंद्रांच्या घरातली गाडी, १९०० च्या आसपास हॉर्सपॉवर, आणि तिच्या मोटर्स व बॅटरी क्रोएशियाच्या रिमात्सकडून. तीच रिमात्स स्वतःची नेवेरा याच तंत्रावर विकते. म्हणजे पुरवठादार तोच आणि स्पर्धकही तोच. यातल्या कुणाचं पारडं जड आहे, हे सांगायला आर्किटेक्ट लागत नाही.

तर सोमवारी मी टेबलावर एकच प्रश्न विचारणार आहे. आपल्या आत्ताच्या प्रॉडक्टमध्ये गिऱ्हाईक ज्यासाठी पैसे देतं, तो भाग कुणाच्या मालकीचा आहे? मला उत्तर माहीत आहे. म्हणूनच तर शुक्रवारपासून झोप नीट लागलेली नाही. साहेबांना राग येईल कदाचित, अप्रेझलही जवळ आलंय. पण वाकडच्या त्या मित्राचा ईएमआय अजून चालू आहे, आणि मागच्या वेळी मी ज्युनियर होतो म्हणून गप्प बसलो होतो.